फिर्याद कोणाची?

आमच्या युनियनच्या कचेरीत येणारी माणसे बहुधा पगाराचा, बोनसचा, नाहीतर कामावरून काढून टाकल्याचा प्रश्न घेऊन येतात. परंतु काही वर्षांपूर्वी सक्करदऱ्याच्या बुधवार बाजारात भाजीचे दुकान लावणारी एक बाई एक निराळाच कागद घेऊन आली. तो न्यायालयाचा समन्स होता. तिच्या मुलाला काही गुंडांनी बेदम मारले होते, तिने ठाण्यात जाऊन खबर दिली होती, आणि आता दीड वर्षाने तिला साक्षीला बोलावले होते. कागदाच्या माथ्यावर 'महाराष्ट्र राज्य विरुद्ध' असे लिहून पुढे आरोपींची नावे होती. बाई म्हणाली, "भाऊ, मार माह्या पोरानं खाल्ला, रपोट मी देल्ली, मंग याच्यात माहं नाव कुठी हाय? हे राज्य मधात कुठून आलं?"

आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. त्याने तिचे समाधान झाले नाही आणि आमचेही झाले नाही. आम्ही कायद्याचे पदवीधर नाही. कायदा आम्ही शिकलो तो काही फाटकावर, काही कोठडीत आणि बराचसा ग्रंथालयातल्या बाकावर. तेव्हा श्रोत्यांनी आमच्याकडून वकिलाच्या सल्ल्याची अपेक्षा करू नये. त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जो इतिहास आमच्या हाती लागला तो आज येथे मांडावयाचा आहे.

आपण जेथे बसलो आहोत तो सक्करदरा म्हणजे भोसल्यांची जागा. तलाव त्यांचा, बाग त्यांची, वाडाही त्यांचाच. त्यांच्या अमदानीत गावात पाटील, शहरात कोतवाल आणि वादासाठी पंचायत अशी साधारण व्यवस्था होती. रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स याने नागपूरच्या मुलखाविषयी १८२७ साली जो मोठा अहवाल लिहिला त्यात ह्या राज्यकारभाराचे तपशील आहेत. त्या काळच्या फौजदारी न्यायाचा बराचसा भर दंडावर असे. अपराध ज्याचा झाला त्याचे आणि अपराध्याचे सामोपचाराने मिटले तर सरकारला त्यात फारसे कर्तव्य उरत नसे, मात्र दंडाचा पैसा सरकारजमा होई. आज काही विद्वान पंचायतीच्या न्यायाचे गोडवे गातात. त्यांनी त्या पंचायतीत कोण बसू शकत होते आणि कोणाला पायरीखाली उभे राहावे लागत होते एवढे एकदा आठवावे.

१८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी भोसले निपुत्रिक वारले आणि १८५४ साली राज्य खालसा झाले. पुढच्या सात-आठ वर्षांत जी यंत्रणा उभी राहिली तिच्याच सांगाड्यात आपण आजही वावरत आहो. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ साली तयार केलेला दंडसंहितेचा मसुदा वीस-बावीस वर्षे तसाच पडून होता. सत्तावनच्या उठावाने सरकार हादरले, आणि १८६० साली दंडसंहिता, १८६१ साली फौजदारी प्रक्रिया संहिता व त्याच साली पोलीस कायदा असे तीन कायदे पाठोपाठ आले. त्याच १८६१ साली मध्यप्रांत निर्माण होऊन नागपूर त्याची राजधानी झाले. १८७२ साली पुराव्याचा कायदा आला. अपराध काय, तो शोधावा कसा, शोधावा कोणी आणि सिद्ध करावा कसा, ह्या चार प्रश्नांची ही चार उत्तरे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहिता, प्रक्रिया संहिता आणि पुराव्याचा कायदा ह्या तिन्हींच्या जागी भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम असे नवे कायदे लागू झाले. कलमांचे आकडे बदलले, काही तरतुदी नव्या आल्या, परंतु घराची वाट तीच राहिली. आमच्यासारख्या जुन्या माणसांचे मात्र हाल झाले. ज्या '१४४' च्या नावाने आमची पिढी मिटिंगी उधळलेल्या पाहत आली ते कलम आता १६३ झाले आहे, आणि जिभेला ते अजून वळत नाही.

ह्या नव्या यंत्रणेच्या मुळाशी एक इंग्रजी कल्पना होती. अपराध हा केवळ मार खाणाऱ्याचा अपमान नव्हे, तो राजाच्या शांततेचा भंग आहे, म्हणून फिर्यादी राजा. राजा गेला, त्याच्या जागी राज्य आले. बाईच्या कागदावर जे राज्य मधातून आले ते येथून आले. आणि ज्याच्यावर अन्याय झाला तो फिर्यादीच्या जागेवरून उठून साक्षीदाराच्या जागेवर जाऊन बसला.

ह्याची एक चांगली बाजू आहे, ती नाकारता येणार नाही. गरीब माणसाला वकील लावावा लागत नाही, सरकारी वकील राज्याच्या खर्चाने त्याचा खटला चालवतो. सावकाराने दटावले तरी गंभीर गुन्ह्याचा खटला त्याच्या इच्छेने मिटत नाही. वाईट बाजू अशी की ज्या राज्याने फिर्याद चालवावयाची त्याच राज्याचा शिपाई जर आरोपी असला तर फिर्याद कोण चालवणार? ह्या प्रश्नाकडे आम्हांला पुढे यावयाचेच आहे.

इंग्रजांचा स्वतःच्याच पोलिसांवर किती विश्वास होता ह्याची एक गंमत येथेच सांगून टाकतो. मद्रास इलाख्यात १८५५ साली एका चौकशी आयोगाने कबुलीजबाब आणि सारावसुली ह्यांसाठी होणाऱ्या छळाचे भयंकर पुरावे गोळा केले. पुढे कायदा करताना सरकारने नियम घातला की पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालणार नाही. तो नियम १८७२ च्या कायद्यात पंचविसाव्या कलमात होता, आज नव्या अधिनियमात तेविसाव्या कलमात आहे. दीडशेहून अधिक वर्षे होऊन गेली, राज्यकर्ते बदलले, पण सर्वसाधारण कायद्यातून हा नियम कोणीही उचलून टाकलेला नाही. ह्यातच काय ते आले.

आता वाट पाहू. गुन्हा घडला की पहिली पायरी प्रथम खबरेची. दखलपात्र गुन्ह्याची खबर ठाण्यात दिली की ती लिहून घ्यावी, देणाऱ्याला वाचून दाखवावी, त्याची सही घ्यावी आणि प्रत फुकट द्यावी, असा कायदा आहे. "साहेब बाहेर गेले आहेत, उद्या या" हा कायदा नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २०१३ साली ललिताकुमारी प्रकरणात स्पष्ट सांगितले की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर नोंद करणे बंधनकारक आहे. नव्या संहितेने तीन ते सात वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांत चौदा दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली आहे. दुसरीकडे, गुन्हा कोणत्याही हद्दीत घडलेला असो, कोणत्याही ठाण्याने खबर घ्यावी असेही म्हटले आहे. हद्दीचे भांडण आमच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. रस्त्याच्या ह्या कडेला एक ठाणे, त्या कडेला दुसरे, आणि मधोमध उभा मार खाल्लेला माणूस.

मग तपास, पंचनामा, साक्षीदारांचे जबाब. अटक झालीच तर चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. हा नुसता संहितेचा नियम नव्हे, तो संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदात आहे. दंडाधिकारी पोलीस कोठडी देतो, न्यायालयीन कोठडी देतो किंवा सोडतो. साठ दिवसांत, आणि भारी गुन्ह्यांत नव्वद दिवसांत, दोषारोपपत्र आले नाही तर आरोपीला जामिनावर सुटण्याचा हक्क मिळतो. पुढे दोषारोप निश्चित होतात, साक्षी होतात, उलटतपासणी होते, युक्तिवाद होतो, निकाल लागतो. मग अपील. लिहावयाला चार ओळी लागल्या. चालावयाला माणसाचे तारुण्य लागते.

आमच्या माणसांशी मात्र हा कायदा बहुतकरून दुसऱ्या दाराने येतो. ऐन तरुणपणी एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही अकराजण घोषणा देत बसलो होतो. कोणाच्या अंगाला बोट लागले नव्हते. संध्याकाळी गाडी आली आणि आम्हांला उचलून घेऊन गेली. आमच्यावर गुन्हाच नव्हता, तर गुन्हा 'होऊ नये म्हणून' ही अटक होती. जुन्या संहितेचे १५१, आणि त्याच्या जोडीला १०७. रात्रभर कोठडीत बसलो, सकाळी कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून देण्याची वेळ आली. आमच्यातला एक म्हातारा साचेवाला हट्टाला पेटला. "मी शांतता मोडली कुठी, ते सांगा, मंग लिहून देतो." त्याला उत्तर मिळाले नाही आणि त्याने सही दिली नाही. आम्ही मात्र दिली, कारण घरी लेकरू तापाने फणफणत होते. ती सही आम्हांला अजून टोचते.

अपराधाची शिक्षा न्यायाधीशाने द्यावी आणि अपराधाची शंका अधिकाऱ्याने घ्यावी, हे दोन अधिकार एकाच्या हाती नसावेत, ही मागणी काँग्रेसच्या पहिल्या काळापासूनची आहे. इंग्रजी अमदानीत जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर तोच दंडाधिकारी होता. १९२३ साली नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला तेव्हा हे लख्ख दिसले. राष्ट्रीय झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सकडे जाण्याला बंदी, बंदी मोडणाऱ्याला अटक आणि शिक्षा, सगळे एकाच कारभाराच्या हाताखाली. जमनालाल बजाजांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली, देशभरातून स्वयंसेवकांच्या तुकड्या येत राहिल्या, वल्लभभाई पटेल येथे येऊन बसले, आणि ऑगस्टात अखेर झेंड्याची मिरवणूक त्या रस्त्याने गेली. न्यायखाते कारभारापासून देशभर निराळे करण्याचे काम १९७३ च्या संहितेने केले. ती १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. एक छोटा कोपरा मात्र कारभाराकडे राहिला, आणि आमच्या म्हाताऱ्या साचेवाल्याची गाठ पडली ती त्याच कोपऱ्यात.

नागपूरच्या उच्च न्यायालयाने ह्या बाबतीत एक काम असे केले आहे की त्याचे स्मरण ह्या शहराने ठेवावे. हे न्यायालय १९३६ साली स्थापन झाले आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्याच्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ बसले. महायुद्धाच्या काळात, बेचाळीसच्या धरपकडीनंतर, भारत संरक्षण नियमांतील १२९ व्या नियमाखाली पोलीस अधिकाऱ्याला केवळ संशयावरून विनावॉरंट अटक करता येत असे. नियमात शब्द होता 'वाजवी संशय'. विमलाबाई देशपांडे ह्यांनी अशा एका अटकेविरुद्ध न्यायालयाकडे दाद मागितली. सरकारचे म्हणणे असे की अधिकाऱ्याला संशय वाटला, तेवढे पुरे. नागपूरच्या न्यायालयाने ते मानले नाही. संशय वाजवी होता हे न्यायालयाला पटवून देण्याची जबाबदारी पोलिसाची आहे, असे त्याने ठरवले. सरकार लंडनला प्रिव्ही कौन्सिलकडे गेले आणि १९४६ साली तेथेही हरले. लक्षात घ्या, त्याच युद्धकाळात, १९४१ साली, खुद्द इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने स्थानबद्धतेच्या एका प्रकरणात मंत्र्याचा शब्द पुरेसा मानला होता. लंडनने जो धीर स्वतःच्या नागरिकासाठी दाखवला नाही तो नागपूरने एका परतंत्र देशाच्या नागरिकासाठी दाखवला.

जामिनाविषयी दोन शब्द. आमच्याकडे लोक जमानत म्हणतात. जमानत म्हणजे सुटका असे लोकांना वाटते, ते चूक आहे. जमानत म्हणजे कोणीतरी उभे राहून म्हणणे, की हा माणूस माझ्या शब्दावर द्या, बोलवाल तेव्हा आणून उभा करीन. सक्करदऱ्याला हे निराळे सांगावयास नको. ताजुद्दीन बाबांना सरकारने १८९२ साली नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवले. १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांची हमी घेतली आणि त्यांना येथे आपल्या वाड्यात आणले. तो फौजदारी खटला नव्हता हे खरे. पण हमी म्हणजे काय हे आम्ही त्या गोष्टीवरून समजावतो आणि लोकांना ते पटकन समजते. लगेच पुढचा प्रश्न येतो की ज्याच्यामागे उभा राहावयाला राजा नाही, त्याचे काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला अजून चालूच होता. म्हणजे दर चार कैद्यांत तिघांना अजून न्यायालयाने अपराधी ठरवलेले नव्हते. त्यांतले कितीजण केवळ जामीनदार न मिळाल्यामुळे आत आहेत हे ज्याने कोर्टाच्या आवारात सातबारा धरून बसलेल्या भाडोत्री जामीनदारांचे दर ऐकले आहेत त्याला विचारावे.

पुराव्याच्या बाबतीतही नागपूरच्या एका खटल्याने देशाला धडा दिला. प्रांताच्या अबकारी खात्याचे प्रमुख अधिकारी हणमंत गोविंद नरगुंदकर ह्यांच्यावर १९४६ सालच्या सिवनी येथील दारूभट्टीच्या ठेक्यावरून खटला झाला. फोडलेले टेंडर, मागची तारीख घातलेली पत्रे, ती कोणत्या टंकयंत्रावर टंकली गेली ह्याविषयी तज्ज्ञांची मते, असा सगळा परिस्थितीजन्य पुरावा होता. खाली शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली ती रद्द केली आणि सांगितले की पुरावा जेव्हा केवळ परिस्थितीचा असतो तेव्हा प्रत्येक दुवा आधी पक्का सिद्ध झाला पाहिजे, आणि सगळी साखळी अशी हवी की आरोपीच्या निर्दोषतेला वावच राहू नये. संशय कितीही दाट झाला तरी तो पुराव्याची जागा घेऊ शकत नाही. पुढे १९८४ साली पुण्याच्या एका खटल्यात ह्याच निकालाच्या आधारे न्यायालयाने पाच कसोट्या सांगितल्या आणि त्यांना चक्क 'पंचशील' असे नाव दिले. हा नियम आरोपीच्या बाजूचा आहे म्हणून पुष्कळ लोक चिडतात. ज्याला रात्री फाटकावरून उचलून नेले आहे तो चिडत नाही.

परंतु हाच नियम, ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्या बाजूने पाहिला तर कसा दिसतो, हे सांगितल्याशिवाय ही वाट पुरी होत नाही. त्यासाठी आम्हांला श्रोत्यांना देसाईगंजला न्यावे लागेल.

देसाईगंज, म्हणजे आपले वडसा, आज गडचिरोली जिल्ह्यात आहे. १९७२ साली ते चंद्रपूर जिल्ह्यात होते. तेथे एक आदिवासी पोर मजुरी करून राहत होती. आई-बाप नव्हते, भावाच्या आधाराने राहत होती. वय चौदा ते सोळांच्या मधले. तिचे नाव पुस्तकांतून सर्वत्र छापलेले आहे, परंतु आम्ही ते येथे घेत नाही. कारण काय, ते पुढे येईल. तिचे एका तरुणाशी लग्न करण्याचे मनात होते. भावाला ते पसंत नव्हते. त्याने २६ मार्च १९७२ रोजी ठाण्यात तक्रार दिली की बहिणीला पळवून नेले. रात्री नऊच्या सुमारास सगळ्यांना ठाण्यात आणले, जबाब घेतले. साडेदहाच्या सुमारास मुख्य हवालदार भावाला मुलीच्या जन्मनोंदीची नक्कल आणावयास सांगून घरी गेला. बाकीची मंडळी बाहेर निघाली, मुलीला मात्र थांबवून ठेवले. ठाण्यात उरले दोन पोलीस. दार बंद झाले, दिवे मालवले गेले. बाहेर नातलग उभे होते, गर्दी वाढत गेली. मुलगी बाहेर आली तेव्हा तिने सांगितले की एकाने तिच्यावर बलात्कार केला आणि दुसऱ्याने अंगलट केली.

श्रोत्यांनी आता आमची ती पायऱ्यांची यादी आठवावी आणि एकेक पायरी पाहावी. प्रथम खबर कोठे द्यावयाची? त्याच ठाण्यात. लिहून कोणी घ्यावयाची? त्याच हवालदाराने. गर्दी नसती तर ती लिहिली गेली असती काय, हा विचार आम्ही पुष्कळदा केला आहे. वैद्यकीय तपासणी झाली ती दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजता, म्हणजे जवळजवळ वीस-एकवीस तासांनी. अंगावर जखम आढळली नाही.

खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयात चालला. १ जून १९७४ रोजी निकाल लागला. मुलगी खोटारडी ठरली, तिची संमती होती असे मानले गेले, दोघे सुटले. राज्य अपिलात गेले. येथे त्या भाजीवालीच्या कागदावरच्या 'राज्या'चे एक चांगले रूप दिसते. त्या मजूर पोरीला नागपूरपर्यंत खटला लढवणे कधीच जमले नसते. १२ ऑक्टोबर १९७६ रोजी आपल्या नागपूर खंडपीठाने निकाल फिरवला. एकाला पाच वर्षे, दुसऱ्याला एक वर्ष सक्तमजुरी. उच्च न्यायालयाने जे सांगितले ते आम्हांला कायद्याच्या कोणत्याही पंडिती पुस्तकापेक्षा मोलाचे वाटते. ठाण्यात रात्री अडकलेली, परक्या पोलिसांच्या ताब्यातली पोर मुकाट राहिली, तर त्या मुकाट राहण्याला संमती म्हणता येत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १५ सप्टेंबर १९७८ रोजी दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडले. कारणे दिली ती अशी: अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरड केली नाही, भीती होती असे सिद्ध झालेले नाही. संशयाचा फायदा आरोपीला, हा तोच नियम, ज्याची आम्ही आत्ता वाखाणणी करून आलो. नियम खोटा नव्हता. पण शंका घेण्याजोगे काय आणि नाही काय हे ठरवणारा माणूस कोठे बसून ठरवतो, ह्यावर सगळे अवलंबून असते. देसाईगंजच्या ठाण्यातला अंधार दिल्लीच्या कागदावर उतरला नाही.

एक वर्षभर कोणी काही बोलले नाही. १९७९ च्या सप्टेंबरात कायद्याच्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार ह्यांनी, सरन्यायाधीशांना उद्देशून एक उघडे पत्र लिहिले. ह्यांतल्या वसुधाताई म्हणजे आपल्या विदर्भकन्या लेखिका गीता साने ह्यांच्या कन्या. शरण जाणे आणि संमती देणे ह्यांत फरक आहे, आणि ठाण्यात रात्री पोरीला ठेवून घेण्याचा पोलिसांना अधिकार काय होता ह्याविषयी निकालात अवाक्षर नाही, हा त्यांच्या पत्राचा गाभा. ते पत्र हातोहात गेले. १९८० च्या ८ मार्चला ठिकठिकाणी स्त्रिया रस्त्यावर आल्या. मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला, नागपुरात सीमा साखरे ह्यांनी स्त्री अत्याचार विरोधी परिषदेचे काम उभारले. आमच्या कामगार चळवळीने ह्या प्रश्नाकडे तेव्हा पुरेसे लक्ष दिले नाही. आम्ही स्वतः तेव्हा शाळकरी पोर होतो, पण पुढे चळवळीत आल्यावरही 'हा बायांचा प्रश्न' असे म्हणून बाजूला सारणारे पुढारी आम्ही पाहिले आहेत. ती मुलगी मजूर होती, हे त्यांना कसे दिसले नाही कोण जाणे.

१९८३ साली संसदेने कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यात असलेल्या स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा ठरली. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने संमती नव्हती असेच गृहीत धरावे, असे नवे कलम पुराव्याच्या कायद्यात आले. पुराव्याचे ओझे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेले. १९४६ साली प्रिव्ही कौन्सिलने अटकेच्या बाबतीत जे मानले होते, की सत्ता ज्याच्या हातात त्याने उत्तर द्यावे, तेच तत्त्व येथे वेगळ्या वाटेने आले असे आम्हांला वाटते. खटला बंद दाराआड चालवावा, आणि पीडित स्त्रीचे नाव छापू नये, हेही त्याच दुरुस्तीतले. म्हणून वर आम्ही नाव घेतले नाही. पुढे २००५ च्या दुरुस्तीने सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी, अपवाद सोडता, स्त्रीला अटक करण्यास मनाई झाली. २०१३ साली अशा गुन्ह्याची खबर न लिहिणाऱ्या सरकारी नोकरालाच शिक्षा ठरली. हे सगळे देसाईगंजच्या त्या एका रात्रीतून निघाले. पण फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही. १५ सप्टेंबर १९७८ चा निकाल जसाच्या तसा राहिला.

ठाण्याचे दार बंद राहिले तर काय होते ह्याचे दुसरे टोकही नागपूरने पाहिले आहे. १३ ऑगस्ट २००४ रोजी कस्तुरबानगर भागात वर्षानुवर्षे दहशत माजवणाऱ्या अक्कू यादव नावाच्या गुंडाला जामिनाच्या कामासाठी जिल्हा न्यायालयात आणले होते. वस्तीतल्या बायांसह जमाव न्यायालयात शिरला आणि न्यायालयाच्या खोलीतच त्याला ठार मारले. त्याच्या अत्याचारांच्या तक्रारी पोलीस घेत नव्हते असे वस्तीचे म्हणणे होते. देशभर त्या बायांचे कौतुक झाले. २०१४ साली सगळे आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्या बायांची चीड आम्हांला कळते, त्यांना दोष द्यावयास आमची जीभ धजत नाही. तरीही आम्ही त्या दिवसाचे कौतुक करीत नाही. मोर्च्यातल्या निरपराध पोराला जमावाने चोर ठरवून झोडपताना आम्ही मध्ये पडलो आहोत, आणि जमावापुढे उलटतपासणी होत नाही हे तेव्हा आम्हांला कळले आहे.

आता त्या भाजीवालीच्या प्रश्नाकडे येऊ. तिचे नाव कागदाच्या माथ्यावर येत नाही, परंतु ती पूर्वीइतकी परकी राहिलेली नाही. २००९ च्या अखेरीपासून आरोपी सुटला तर पीडिताला स्वतः अपील करता येते, पूर्वी ते केवळ राज्याच्या हाती होते. नव्या संहितेप्रमाणे तपास कोठवर आला हे पोलिसांनी खबर देणाऱ्याला नव्वद दिवसांच्या आत कळवावयाचे आहे. सरकारी वकिलाच्या मदतीला ती आपला वकील देऊ शकते. आणि तो वकील तिला फुकट मिळू शकतो. विधी सेवा प्राधिकरणांच्या १९८७ च्या कायद्यातले बारावे कलम आम्ही आमच्या सभासदांना पाठ करावयास लावतो. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींची माणसे, कोठडीतली माणसे ह्यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. त्याच यादीत 'औद्योगिक कामगार' असे शब्द आहेत. ते आमच्या कितीतरी सभासदांनी कधी ऐकलेच नव्हते, आणि खरे सांगावयाचे तर आम्हीही ते वयाच्या चाळिशीत वाचले. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्याचे कार्यालय असते.

तेथे आम्ही बाईला घेऊन गेलो. एक तरुण वकीलबाई मिळाल्या. पहिल्या पेशीला आरोपींपैकी एक आला नाही. दुसऱ्या पेशीला न्यायाधीश रजेवर होते. तिसऱ्या पेशीला साक्ष झाली. आरोपीच्या वकिलाने विचारले, रात्रीची वेळ होती, दिवा किती लांब होता? बाई म्हणाली, "दिवा लांब होता, पण पोरगं माहं होतं." सरकारी वकिलांनी तिला सांगितले की विचारले तेवढेच बोला. मग तिने हातांनी अंतर दाखवले, आणि लिपिकाने ते फुटांत लिहून घेतले.